बारदानाच्या रजया

पौष लागून आठ दिवस झाले होते आणि सुकवारोची सासू रातोरात थंडीनं गेली.

अनसूया पहाटेची चुलीवर पाणी तापवत होती. शेजारच्या झोपडीतून सुकवारो आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, अम्मा उठत नइयाँ." आवाजात रडू नव्हतं. अनसूयेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात लुगड्याला पुसले आणि तिच्यामागं गेली.

म्हातारी भाताच्या पेंढ्यावर पडली होती. गुडघे पोटाशी, हात मांड्यांत, हनुवटी छातीवर. कपाळाला हात लावला तर दगडासारखं गार. सरळ निजवायचं म्हटलं तर पाय लांबच होईनात. अनसूया घरी जाऊन तापलेलं पाणी घेऊन आली आणि दोघींनी मिळून, फडकं बुडवून बुडवून, म्हातारीचे गुडघे शेकले. तेव्हा कुठं पाय वीतभर सरकले.

त्या घरात पांघरूण म्हणून एकच कांबळं होतं, तेही म्हातारीच्या अंगावर. ते तिच्याबरोबरच जायचं, अशी रीत. चौघांनी तिरडी उचलली, आणि सुकवारो एकदम पुढं झाली. तिनं कांबळ्याचं टोक धरलं आणि ओढून घेतलं. तिरडी हलली. म्हातारीची काटकुळी टाच उघडी पडली. सुकवारोच्या नवऱ्यानं मान खाली घातली.

"हमाए मोड़ा-मोड़ी का ओढ़हैं?" सुकवारो म्हणाली. आपली लेकरं काय पांघरतील, एवढंच तिचं म्हणणं.

अनसूया घरात गेली. तिच्याकडं फाटकं एक लुगडं होतं, त्याचा बरा भाग फाडून तिनं म्हातारीवर घातला. मग माणसं परियट नदीकडं चालती झाली.

चव्वेचाळीस सालचा तो जानेवारी. दोन वर्षांपूर्वी लढाईसाठी जबलपूरजवळ नवी फॅक्टरी उभी राहिली, तेव्हा ठेकेदारानं पाया खणायला मंडल्याकडून गोंड, दमोहकडून लोधी आणि सौंसर-पांढुर्ण्याकडून चार मराठी घरं आणली. फॅक्टरी झाली, धूर निघू लागला. माणसं मात्र टेकडीच्या पायथ्याशी तशीच राहिली. बावन्न झोपड्या. त्याला सेमरटोला म्हणत. पुरुष फॅक्टरीच्या मालगाड्या भरत, बाया गिट्टी, म्हणजे खडी, फोडत. अनसूयेचा नवरा बाबाराव हातचा चांगला सुतार, म्हणून त्याला आत पेट्यांच्या खात्यात कायम काम मिळालं होतं. दारूगोळ्याच्या पेट्या, रोज बारा-बारा तास. पगाराला खोट नव्हती, पण बाजारात कापडच नव्हतं. सगळं लढाईवर गेलं होतं. रेशनच्या दुकानात एका धोतरजोडीसाठी डोकी फुटत. आणि थंडी तर अशी की पहाटे घागरीतल्या पाण्याला हात लावला की हाडात कळ जायची.

संध्याकाळी बाबाराव जेवायला बसला तेव्हा अनसूयेनं सगळं सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा तसाच धरून ठेवला.

"शहरात आपलं महिला मंडळ कांबळी वाटून राहिलं म्हणे," तो म्हणाला. "पेट्यांच्या खात्यात बोलत होते. जाऊन पाह्य ना, बेबीची माय."

"जाते," ती म्हणाली. "एकली नाही जात. चौघी घेऊन जाते."

दुसऱ्या दिवशी सुकवारोसकट चौघींना घेऊन ती निघाली. तीन कोस चालून मंडळाच्या हॉलशी पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. दारात रांग होती. आत टेबलामागं विनताबाई बसल्या होत्या, वकिलांच्या पत्नी, मंडळाच्या अध्यक्षीण. जुनं घराणं, भोसल्यांच्या वेळेपासून जबलपुरात असलेलं. आवाज स्वच्छ, चेहरा कामानं थकलेला.

"नाव?"

"अनसूया बाबाराव घोरमाडे."

"मालक काय करतात?"

"फॅक्टरीत सुतार हायेत. कायम."

विनताबाईंनी वर पाहिलं. "मग तुला काय कमी आहे ग? ही कांबळी गरजवंतांसाठी आहेत."

रांगेतल्या बायांच्या नजरा अनसूयेच्या पाठीत रुतल्या. तिचे कान तापले, पण ती हलली नाही.

"माह्यासाठी नाही मागत, बाईसाहेब. ह्या चौघी आहेत. अन् मागं टोल्यावर बावन्न घरं आहेत. काल पहाटेले एक म्हातारी गारठून मेली."

"मराठी आहेत का सगळी?"

"चार घरं मराठी. बाकी गोंड अन् लोधी."

विनताबाईंनी टाक खाली ठेवला. "हे बघ, देणगीदारांनी कांबळी आपल्या समाजासाठी म्हणून दिली आहेत. आलीत तीस. त्यातली उरलीत सहा. मी कोणाकोणाला पुरी पडू?"

बाजूला उभ्या असलेल्या एका बाईनं सुकवारोकडं बोट केलं. "और इसके पास तो है! ओढ़के आई है और माँग रही है."

सुकवारोनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग अंगावरचं कांबळं काढलं, घडी केली आणि टेबलावर ठेवलं. आत एक विरलेलं लुगडं, त्याखाली काही नाही. दंडावर काटा उभा राहिलेला सगळ्यांना दिसला.

"लै लो," ती म्हणाली.

विनताबाई उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी ते कांबळं उचललं आणि स्वतःच्या हातानं सुकवारोच्या खांद्यावर टाकलं. "ठेव बाई, ठेव," एवढंच म्हणाल्या.

अनसूयेची नजर तोवर हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली होती. तिथं मंडळाच्या पाच-सहा जणी सैनिकांच्या इस्पितळासाठी गाद्या शिवत बसल्या होत्या. जाड कापड, आणि त्यातून जाणारे लांब, जाड दाभण. अनसूया माहेरी असताना तिच्या हातच्या रजया गावभर जात. हात शिवशिवले तिचे.

"बाईसाहेब, तुमची सहा कांबळी ज्याले द्यायची त्याले द्या," ती म्हणाली. "मले ते दाभण द्या. अन् जाडं सूत. रजया आम्ही शिवतो."

"अग पण कापड? अख्ख्या जबलपुरात कापड नाही." विनताबाईंनी आपल्या निऱ्या जरा पुढं केल्या. दोन जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून घातलेला दांड दिसला. "मी स्वतः हे असं नेसून राहिले."

"कापडाचं मी पाहीन."

"किती शिवशील?"

"बावन्न. पंधरा दिवसांत. त्याच्यापुढं शिवून काय उपयोग, थंडीच जाईन."

विनताबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. त्यांना ही बाई बढाई मारते आहे की काय कळेना. शेवटी त्या कोपऱ्यात गेल्या, शिवणाऱ्या बायांशी हळू आवाजात काही बोलल्या, आणि डझनभर दाभण नि सुताचे चार गुंडे घेऊन आल्या. "परत आणून द्यायचे हं," म्हणाल्या.

वाटेत सुकवारोनं विचारलं, "कपड़ा कहाँ से लैहो, बाई?"

"चल, दाखवते."

ठेकेदाराचं गोदाम फॅक्टरीच्या बाहेरच्या सडकेला होतं. त्याच्या मागं, पत्र्याच्या छपराखाली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग दोन पावसाळे पडून होता. तागाची पोती, सिमेंट आत आळलेलं, कडा दगड झालेल्या. चांगली होती ती कंपनीला परत गेली, ही राहिली. अनसूया रोज पाण्याला जाताना तो ढीग पाहत होती.

मुंशी श्यामसुंदर कान बांधून उन्हात बसला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "सड़े बोरे हैं. सिमेंट जमा है. हाथ गल जाएँगे तुम्हारे."

"हात आमचे हैं, मुंशीजी."

"और माल ठेकेदार का है. चार दिन में आ रहे हैं कटनी से. मैं कैसे उठाने दूँ?"

अनसूयेनं ढिगातलं एक पोतं उचललं, पालथं करून दगडावर आपटलं. राखेसारखी धूळ उडाली आणि खाली ओंजळभर सिमेंट पडलं, बारीक, कोरडं. "ये देखो. हर एक में इतना है. लढाई में सिमेंट कहाँ मिल रहा है तुमको? हम सब बोरे झाडके देते. सिमेंट तुम्हारा, बोरा हमारा. अन् जागा साफ करके देंगे वो अलग."

मुंशीनं त्या ओंजळभर ढिगाकडं पाहिलं, मग मोठ्या ढिगाकडं. कानाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "ठेकेदार आने के पहले सब साफ चाहिए."

"तीन दिन," अनसूया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गिट्टीचं काम आटोपून बावीस बाया गोदामामागं जमल्या. नाका-तोंडाला फडकी बांधली आणि पोती झोडायला लागल्या. जिथं सिमेंट आळलं होतं तिथं दगडानं ठेचायचं, मग काठीनं झोडायचं, मग दोघींनी दोन टोकं धरून झटकायचं. धुळीनं एकमेकींची तोंडं ओळखू येईनात. पापण्या चिकटत, थुंकीत राखेचा रंग येई. तीन दिवस तेच. कुजलेली पोती बाजूला पडली, धड तीनशेवर निघाली. मुंशीनं गोळा झालेलं सिमेंट पाहिलं आणि आपणहून एक सुतळीचा बिंडा त्यांच्याकडं टाकला.

पण खरे हाल धुण्यात होते. झोडूनही पोत्यांच्या विणीत सिमेंट उरलं होतं, आणि ते गेल्याशिवाय अंगाला लावता येत नव्हतं. परियटचं पाणी बर्फासारखं. बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पोती खळबळत, आपटत, पुन्हा खळबळत. पहिल्या दिवशी हात नुसते लाल झाले. दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांत भेगा पडल्या. तिसऱ्या दिवशी अनसूयेला भाकरी थापता येईना. पिठाला रक्ताचे ठिपके लागले. बाबारावनं परात तिच्या पुढून ओढून घेतली.

"दाखव हात."

तिनं दाखवले नाहीत. त्यानं धरून उलटे केले. बराच वेळ पाहत राहिला. मग जवसाचं तेल कोमट केलं आणि एकेका बोटाला लावलं. ती दात आवळून बसली. त्या संध्याकाळी भाकरी त्यानं थापल्या. जाड, वाकड्या, एकीकडून करपलेल्या. बेबी, त्यांची सात वर्षांची पोर, हसून हसून लोळली.

आत भरायला कापूस हवा होता. त्याची चिंता अनसूयेला पहिल्यापासूनच नव्हती. सौंसरला तिच्या भावाचं कापसाचं शेत होतं, आणि आखूड धाग्याचा कापूस घेणाऱ्या जपानशीच लढाई लागल्यापासून त्याला विचारणारं कोणी नव्हतं. तिनं निरोप धाडला तसा श्रीरंग छोट्या लाइनच्या गाडीनं तीन बोजे घेऊन स्वतःच आला. बहिणीचे हात पाहून त्याचं तोंड उतरलं.

"काहून एवढं करून राहिली, अक्का? हे लोक तुहे कोण लागतात?"

"शेजारी लागतात," ती म्हणाली. "बोजे तिकडं ओसरीत ठेव. अन् जेवून घे."

कापसात सरकी होती. एकीकडं धुणं चालू असतानाच बाकीच्या बाया ती काढायला लोखंडी सळई पाटावर फिरवत दोन दिवस बसल्या. जवळच्या रांझीचा म्हातारा बेहना, म्हणजे पिंजारी, आपली धनुकली घेऊन आला आणि स्वतःसाठी एक रजई या बोलीवर सगळा कापूस पिंजून दिला. टंग-टंग-टंग असा त्याच्या तातीचा आवाज टोल्यावर घुमला. अनसूयेच्या घरात पांढरं धुकं झालं. भांड्यांवर कापूस, केसांत कापूस, खुंटीवरच्या कपड्यांवर कापूस.

त्या कापसानंच घात केला.

गुरुवारी पाळी सुटायच्या वेळी पेट्यांच्या खात्यातला एक जण धावत टोल्यावर आला. "वहिनी, बाबारावले गेटावर धरलं. खिशात कापूस सापडला. तेलपुसणीचा सरकारी कापूस चोरला म्हणून राहिले."

फॅक्टरीत मशिनी पुसायला कापसाचे गुंते येत. आठवड्यापूर्वीच त्याचा एक गठ्ठा गायब झाला होता. लढाईच्या दिवसांत फॅक्टरीतला खिळा जरी कोणाच्या खिशात सापडला तरी माणूस नोकरीला मुकायचा, वर तुरुंगात जायचा. ती घटकाभर उभीच राहिली. मग तिनं पिंजलेला मूठभर कापूस घेतला, न पिंजलेला मूठभर घेतला, पदरात बांधला आणि निघाली. तिच्यामागं सुकवारो निघाली. सुकवारोमागं बाकीच्या.

गेटाच्या खोलीबाहेर बाबाराव उभा होता. सदरा काढायला लावलेला, उघडा. सूर्य टेकडीमागं गेला होता आणि वारा सुटला होता. पाळीहून सुटलेले लोक त्याच्याकडं बघत जात होते, काही ओळखीचे मुद्दाम दुसरीकडं बघत होते. बाबारावनं बायकोला पाहिलं आणि नजर फिरवली.

"बाबूजी," अनसूया आत बसलेल्या गेटाच्या बाबूला म्हणाली, "जो मिला वो कापूस दिखाओ."

जमादार ओरडला, "औरतों को किसने आने दिया?" पण बाबू वयस्क होता आणि त्याला घरी जायची घाई होती. त्यानं टेबलावरचा चिमूटभर कापूस पुढं सरकवला.

"अब तुम्हारा मँगाओ. मशीन पोछने का."

बाबूनं भुवया उंचावल्या, पण शिपायाला खूण केली. शिपायानं मूठभर गुंता आणून ठेवला. अनसूयेनं तो उचलला, भेगाळलेल्या बोटांनी ओढला. लांब लांब धागे निघाले.

"ये सूत है. मिल का तुटा हुआ सूत. देखो, पीळ है इसमें." मग तिनं नवऱ्याच्या खिशातला कापूस घेतला आणि दोन बोटांत ओढला. तो नुसता विरळ झाला, धागा निघाला नाही. "इसमें पीळ है क्या? ये खेत का है. अभी काता नहीं, सूत बना नहीं. तुम्हारे यहाँ ऐसा आता ही नहीं." तिनं पदराची गाठ सोडली आणि सरकीसकट कापूस टेबलावर ठेवला. "ये मेरे भाई के खेत का. ये पिंजा हुआ. टोले पे आओ, घर में छत तक भरा है. रजाई बना रहे हैं हम लोग."

बाबूनं दोन्ही हाताळले. खिशातल्या कापसात नखानं काही टोचलं. त्यानं चष्मा वर करून पाहिलं. सरकीचं तपकिरी, चिरडलेलं साल होतं. त्याची नजर अनसूयेच्या बोटांवर गेली, मग दाराशी उभ्या असलेल्या बायांच्या हातांवर. सगळ्यांचे सारखेच होते.

"कमीज पहनो," तो बाबारावला म्हणाला. "जाओ."

चुकलं म्हणून कोणी म्हणालं नाही. बाबारावनं सदरा घातला. बोटं इतकी आखडली होती की गुंड्या लागेनात. अनसूयेनं सगळ्यांसमोर त्या लावून दिल्या.

घरी चुलीपुढं बसून बाबाराव अंगाची थरथर थांबेपर्यंत शेकत राहिला. अनसूया वाट पाहत होती. बंद कर म्हणाला तर काय सांगायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं, पण त्यात तिलाच जोर वाटत नव्हता. नोकरी गेली असती तर तिच्या पोरीचं काय, हे तिलाही कळत होतं.

"कापूस घरात नोको," शेवटी तो म्हणाला.

"बरं."

"सुकवारोच्या घरात ठेव. तिचा माणूस आत नाही कामाले, त्याले कोणी झडती नाही घेत." मग थोड्या वेळानं, "दाभण किती मोडले?"

"चार."

रविवारी त्यानं बांबूची कामटी फोडली आणि दिवसभर अंगणात बसून दहा दाभण केले. गुळगुळीत, टोकदार, नाक्याला बारीक गिरमिटानं भोक पाडलेले. एकेक दाभण तो गालावरून फिरवून बघे आणि मगच बाजूला ठेवी.

शिवण टोल्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, उन्हात चाले. एका रजईला सहा पोती. तीन उसवून खाली पसरायची, त्यावर कापूस सारखा अंथरायचा, वर तीन, आणि चार बाजूंना चौघी बसून मधल्या दिशेनं टाके घालत यायचं. तागातून दाभण ओढताना खस्सकन आवाज होई. पहिल्या रजया गाठोड्यासारख्या झाल्या, कापूस एकीकडं पळाला. अनसूयेनं त्या उसवायला लावल्या. "जल्दी नोको करू. कापूस हाताखाली कळला पायजे." दुसऱ्या खेपेला जमल्या. लोधिणींनी मधेमधे आपल्या फाटक्या चोळ्यांचे लाल-हिरवे तुकडे लावले. कोणी विचारलं तर म्हणत, भोकं झाकतोय.

मंडळातून दाभण आणल्याच्या अकराव्या दिवशी दुपारी सडकेवर टांगा थांबला. विनताबाई उतरल्या आणि पदर सावरत त्या मोकळ्या जागेशी येऊन उभ्या राहिल्या. कुंपणावर, छपरांवर, दगडांवर रजया उन्हात घातलेल्या होत्या. त्यांनी एकीला हात लावला, दाबून पाहिली. खरखरीत होती, पण भरगच्च.

"तू खरंच केलंस की ग," त्या म्हणाल्या.

"एकेचाळीस झाल्या, बाई. अकरा राहिल्या."

"ऐक, मी एक ठरवून आले आहे. कमिशनरसाहेबांच्या मेमसाहेब येतील पुढच्या रविवारी. त्यांच्या हातून वाटप करू. मंडप घालू छोटासा. फोटो निघेल, पुढच्या वर्षी मंडळाला देणग्याही जास्त येतील."

अनसूयेनं टाका ओढला, गाठ मारली, आणि सूत दातांनी तोडलं. "वाटाले काहीच नाही ना, बाई. जिनं शिवली तिची थे. रोज संध्याकाळी घेऊन जातात अन् पांघरतात. आता तिच्याजवळून काढून घ्यायची अन् मेमसाहेबाच्या हातानं परत द्यायची?"

विनताबाईंची नजर सुकवारोवर गेली, आणि लगेच तिथून निघाली.

"मग मंडळानं काय केलं म्हणून सांगू मी?" त्या म्हणाल्या. ते रागानं नव्हतं. त्यांना खरंच पडलेला प्रश्न होता.

"दाभण दिले म्हणून सांगा. दाभण नसते तर आम्ही काय बोटानं शिवलं असतं? त्यात लाज कायची?" अनसूया सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बसा. टोल्यात एक आंधळा बाबा आहे, एकटाच. त्याची रजई कोणी शिवायची, वाटच पाहून राहिलो. हे टोक धरा."

विनताबाईंनी टांग्याकडं पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या आणि पोत्यावर बसल्या. बांबूचा दाभण त्यांच्या हातात वाकडातिकडा जाई, तागाचं कुसळ बोटात घुसलं, दोनदा टोचलं. कोणी हसलं नाही. तिन्हीसांज होईस्तोवर त्यांनी एक बाजू पुरी केली. टाके लहान-मोठे होते, पण सुटणारे नव्हते. उठताना त्यांचे गुडघे धरले होते. सुकवारोनं हात दिला तो त्यांनी धरला.

"अनसूयाबाई," जाताना त्या म्हणाल्या, "सूत लागेल ना अजून? उद्या पाठवते. आणि मंडळात मी बोलते. ते 'आपल्या समाजाचं' जे आहे ना... ते मी बघते."

"बघा," अनसूया म्हणाली.

बावन्नावी रजई चौदाव्या दिवशी झाली. दोनच दिवसांनी उत्तरेचा वारा सुटला आणि सलग तीन दिवस पाला पडला, दंवाचं बर्फ झालं. सकाळी मटाराची शेतं वाफवलेल्या भाजीसारखी काळी पडून लोळलेली दिसत. रांझीत दोन माणसं गेली, स्टेशनाकडं किती गेली कोणी मोजलं नाही. सेमरटोल्यावर अनसूया तिन्ही सकाळी उजाडताच घरोघर फिरली. प्रत्येक दारात कडी वाजवून "उठले का?" विचारायची, आणि आतून आवाज आल्याशिवाय पुढं सरकायची नाही. आंधळा बाबा तर तिसऱ्या दिवशी चिडलाच. "जिंदा हैं, बाई! सोने दो!"

चौथ्या दिवशी ऊन पडलं. अनसूयेनं पंधरा-वीस दिवसांनी पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं आणि केस मोकळे सोडून अंगणात बसली. पलीकडच्या विटभट्टीवरून सात-आठ बाया पायवाटेनं येताना दिसल्या. अंगावर पोती पांघरलेली, पोरं कडेवर. मोकळ्या जागेत येऊन त्या घुटमळल्या. पुढच्या बाईनं पदर पुढं पसरून विचारलं, "सुनो, कंबल इतईं बँट रहे हैं?"

अनसूया उठणार होती. पण सुकवारो आपल्या झोपडीतून आधीच बाहेर आली होती. तिनं त्या बाईचा पसरलेला पदर पाहिला, धरला, आणि नीट तिच्या खांद्यावर टाकला.

"बँटत नइयाँ," ती म्हणाली. "बैठो."

तिनं त्यांच्या अंगावरचं एक पोतं काढून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, वास घेतला, आणि नाक मुरडून परत दिलं. हे कुठं धुवायचं, कसं धुवायचं, हातांना आधी कोणतं तेल लावायचं, ते ती सांगू लागली. उरलेला कापूस बाहेर आला. दाभण आले. अनसूया केस वाळवत तिथूनच बघत राहिली. तिला एकही शब्द मधे घालावा लागला नाही.

विटभट्टीच्या एका पोरीनं पहिला टाका घातला आणि सूत सैलच सोडलं. सुकवारोनं तिच्या हातावर चापट मारली, दाभण घेतला, आणि दोन वर्षांत ज्या भाषेतला एक शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता त्या भाषेत म्हणाली,

"घट्ट वढ ना, बाई! रातीले थंडी आत शिरते."

अनसूया इतकी हसली की केसांतलं पाणी तिच्या अंगभर उडालं.